बाबुल मिस्त्रीला काय म्हणावं?

आमच्या मामासासऱ्यांइतका शब्दांचा छळ अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी केला नसेल, आणि शब्दांवर इतकी माया करणारा माणूसही दुसरा मिळायचा नाही. जेवायला बसले की आधी वाटीतल्या पदार्थाच्या नावाची चौकशी. मामींनी पिठलं जरा पातळ वाढलं तर "हे पिठलं हाय का बेसनाचं पाणी, एकदा ठरवा, म्हंजे मी त्या हिशोबानं खातो," असं म्हणणार आणि मग दोन्ही नावांनी दोन-दोन वाट्या ओरपणार. खोड काढायची म्हणून नव्हे. त्यांना खरोखरच कुतूहल असतं. एखाद्या गोष्टीला लोक अमुकच का म्हणतात, आणि नाव बदललं की माणसं कशी बदलतात, हे पाहायला हा मनुष्य भर उन्हात चौकात तासभर उभा राहील.

हा नाद त्यांना नोकरीत लागला. मामा सगळी हयात बसस्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये माइकसमोर बसले. तिथला त्यांचा एक नियम होता : गाडीला 'रद्द' म्हणायचं नाही. फळ्यावर खडूनं लिहायचं ते 'उशिरा'. "रद्द म्हटलं का पब्लिक केबिनवर येते, जवाईबापू. उशिरा म्हटलं का चहा प्याले जाते. गाडी तेच, टायर तेच, पंचर तेच. बदललं काय? शब्द!" एकदा उमरखेडची गाडी वाटेत अशी बसली की उठेचना. मामांनी तिला दिवसभर उशिरा ठेवली. संध्याकाळी उरलेला एकुलता एक म्हातारा प्रवासी खिडकीशी आला आणि म्हणाला, "मी आता घरी जातो बाबू. पण तुम्ही बोलता गोड." ही शाबासकी मामा अजून सांगतात.

निवृत्त होताना त्यांनी केबिनमधला मोडीत निघालेला फळा मागून घेतला आणि दारव्ह्यातल्या घराच्या ओट्यावर टांगला. त्यावर रोज सकाळी घरातली वाहतूक लागायची. 'सौ. : बाजारात. परत दुपारपर्यंत.' माझी बदली दारव्ह्याला झाली आणि खोली मिळेपर्यंत मी त्यांच्याकडे उतरलो, तर दुसऱ्याच दिवशी फळ्यावर : 'यवतमाळचे जवाई : आगमन झालेले आहे. निर्गमन : कळविण्यात येईल.' रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण ते वाचून माझ्याकडे पाहून हसे. आठवडाभरात मी खोली शोधण्याचा वेग वाढवला, पण मामींच्या हातची ज्वारीची भाकर सुटत नव्हती.

त्याच दिवसांत मामींच्या स्वयंपाकघरात टाइल्स बसवण्याचं काम निघालं. काम करणारा बाबुल. बंगाली बोलणारा, सडपातळ, तोंडात सदा एक खिळा धरल्यासारखे ओठ मिटलेला. ठेकेदार काम अर्धवट टाकून पळाला तेव्हा हा मागे राहिला आणि मामींनी त्याला मागच्या पडवीत खाट दिली. गाव त्याला 'टाइल्सवाला बाबुल' म्हणायचं. त्याला मामींची मिरचीची भाजी फार आवडे. "काकी, थोड़ा और झाल," एवढं तिखट मागताना मात्र ते ओठ उघडत.

आणि मग टीव्हीवर ती चर्चा लागली. सरहद्द ओलांडून येणाऱ्या माणसांवर चार जण भांडत होते. मामांच्या लक्षात आलं की चौघं भांडतात एकाच माणसांबद्दल, पण नावं वेगवेगळी घेतात. एक म्हणे घुसखोर, दुसरा बेकायदा स्थलांतरित, तिसरा निर्वासित, चौथी बाई म्हणे कागदपत्रं नसलेले लोक. मामा उठून टीव्हीच्या पुढ्यातच जाऊन बसले. "पाहा, पाहा! माणूस एक, अन् फलाट चार!" त्यांना कुणाची बाजू घ्यायची नव्हती. कोणत्या शब्दानं पब्लिक केबिनवर येते आणि कोणत्या शब्दानं चहा प्यायला जाते, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

शब्द पारखायची मामांची रीत त्यांची स्वतःची. माणसाला ताटावर बसवायचं, भाकर वाढायची आणि तो शब्द त्याच्या तोंडावर म्हणायचा. घास तसाच तोंडात गेला तर शब्द चांगला, हात थांबला तर वाईट. ताटावर अर्थात मीच. "घ्या घुसखोर, भाकर घ्या." माझा हात जागीच थांबला. "बेकायदा स्थलांतरित, वरण वाढू?" मी जेवलो, पण सरकारी कार्यालयात जेवतोय असं वाटत राहिलं. 'निर्वासित' म्हणताच मामींनी माझ्या भाकरीवर न विचारता तूप सोडलं. 'कागदपत्रं नसलेले' म्हटल्यावर माझा हात आपोआप खिशातल्या पाकिटाकडे गेला. शेवटी मामी भडकल्या. "जवाई हायेत ते आपले! काही लाज?"

मामा हसले नाहीत. "आपन बंजारा तांड्याचे लोक," ते म्हणाले. "आपले पणजोबा बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरत. गोऱ्या सायबानं त्यायले कागदावर एक शब्द लावला. चोराचा. सायब गेला, बैल गेले, तरी तो शब्द अंगावरून निघाले किती पिढ्या गेल्या? म्हणून इचारून राह्यलो." मागच्या पडवीत बाबुल जेवत होता, त्याच्या ताटाचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्न आला : 'टीव्हीवरच्या त्या माणसांना काय म्हणावं? चांगला शब्द सुचवावा.' ओट्यापुढे गर्दी. मामांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. येणाऱ्याचा शब्द लिहायचा, त्यावर दोघांना भांडू द्यायचं, पुसायचा, नवा लिहायचा. 'परदेशी' म्हटलं तर कोणी सांगे, अमेरिकेतला माझा भाचाही परदेशीच. 'पोटार्थी' म्हटलं तर दुसरा म्हणे, मग आपण सगळे कशासाठी आहोत? इथवर सगळं मजेत चाललं होतं. तेवढ्यात औषधाच्या दुकानवाल्यानं सहज विचारलं, "मामा, हे काहून चालू हाय? तुमच्या पडवीत जो हाय त्याच्यासाठी काय?"

दुसरा कोणी असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता. पण मामांना प्रश्न आवडला की भान राहत नाही. "त्याच्यासाठी बी चालन असा पायजे!" ते उत्साहानं म्हणाले. "त्याच्याच्यानं तं शब्दाची खरी परीक्षा होईन."

झालं. त्या दिवसापासून गावाच्या तोंडून 'टाइल्सवाला' हा शब्द गळाला. बाबुलच्या कामात काडीचा फरक पडला नव्हता, तरी लोक स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावू लागले. मोटारसायकलवर दोघं आले आणि त्याला गाव विचारून गेले. त्यानं सरहद्दीजवळचं, पण आपल्याच देशातलं "मालदा" सांगितलं, आधार कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, असली कार्डं कुठंही बनतात. खरं-खोटं मला आजही ठाऊक नाही आणि दारव्ह्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी फळ्यावर दुसऱ्याच कोणाच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : 'घुसखोर.'

मामांनी तो शब्द धोतराच्या सोग्यानं पुसला. मग ओट्यावर उभं राहून, माइक नसताना, केबिनच्या आवाजात त्यांनी पुकारा केला, "सर्व नागरिकांनी नोंद घ्यावी! आमच्या घरी टाइल्सचं काम करणारे बाबुल मिस्त्री आमचे पाव्हणे हायेत. ज्याले काही बोलायचं हाय त्यानं जेवाले यावं अन् त्यायच्या तोंडावर बोलावं!" आवाज पार बाजारापर्यंत गेला असेल. जेवायला कोणी आलं नाही. मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला.

बाबुलनं आतून सगळं ऐकलं होतं. "काका, कोना कल कर देगा," एवढंच तो म्हणाला. सकाळी खाट रिकामी होती, पांघरूण घडी घालून ठेवलेलं. थापी आणि पट्टी नेली होती. स्वयंपाकघर आरशासारखं झालं होतं, फक्त कणगीजवळच्या कोपऱ्यात एका टाइलची जागा उघडी होती.

जन्मभर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा पुकारा केलेला हा माणूस त्या दिवशी गप्प बसून राहिला. दुपारी मला म्हणाले, "जवाईबापू, त्याले काय म्हणावं हे मी साऱ्या गावाले इचारलं. ताटावर बसवलं ते बी तुमाले. तो तं पलीकडंच जेवत होता. त्याले एकदा बी नाही इचारलं, का बा, तुले काय म्हणू?"

"काय सांगितलं असतं त्यानं?" मी म्हटलं.

मामांनी खडू बोटांत फिरवला. "मिस्त्री म्हणा, म्हणाला असता. अजून काय म्हणणार?"

मला पुढं खोली मिळाली, पण भाकरीच्या निमित्तानं अजून जातो. मामांचं कुतूहल ओसरलेलं नाही. परवाच त्यांनी मला विचारलं की भाकर भाजतात की शेकतात. पण फळ्यावर प्रश्न लिहिणं त्यांनी सोडलं. गावात दुसरे टाइल्सवाले आहेत, एकानं तो कोपरा फुकटात भरून देतो म्हटलं, तर मामा त्याच्यावर खेकसले. बाबुल ठेवून गेला ती टाइल कणगीला टेकवून तशीच उभी आहे. मामी झाडताना ती हळूच उचलतात, पुसतात, परत ठेवतात.

फळ्यावर आता एकच ओळ असते. पावसानं पुसट झाली की मामा ती पुन्हा गिरवतात : 'बाबुल मिस्त्री : उशिरा.'