पाठ चौथा, वाक्य तिसरं

गाव सोडलं त्या सकाळी टाइपरायटर माझ्या मांडीवर होता. सायक्लोस्टाइलचं यंत्र तुमच्या आजोबांनी घोंगडीत गुंडाळून एसटीच्या टपावर बांधून घेतलं, पण टाइपरायटर मी कुणाच्या हाती दिला नाही. तुमचे बाबा तेव्हा आठ वर्षांचे, खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत. माझे सासरे, आप्पा, बसपर्यंत आले होते. एवढंच म्हणाले, "घर तुझं गावातच हाय, सूनबाई. परभणीला नुसत्या खोल्या." मुलाच्या शाळेसाठी जातोय, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं.

अनघा, तुझ्या ऑनलाइन कोर्सचं रेकॉर्डिंग झालंय, पुढच्या महिन्यात लाँच आहे, आणि परवा तू विचारलंस की आजी, तुझा तो टपालाचा कोर्स तू कसा सुरू केलास. फोनवर मी शाईच्या डागांच्या गमती सांगितल्या. उरलेलं लिहून पाठवते. चिन्मयलाही वाचून दाखव, तुम्हा दोघा भावंडांसाठी आहे.

मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्न होऊन पूर्णा तालुक्यातल्या आमच्या गावी आले. आसपासच्या गावांतली मुलं दहावीला हमखास इंग्रजीतच अडकायची. म्हणून मी चोवीस पाठ तयार केले. इंग्रजी वाक्यं टाइपरायटरवर, मराठी खुलासा लोखंडी लेखणीनं स्टेन्सिलवर कोरायचा, मग रूळ फिरवून प्रती काढायच्या. दर पंधरवड्याला एक पाठ टपालानं जाई, सोडवलेली उत्तरं परत येत, मी लाल शाईनं तपासून धाडी. जाहिरात म्हणजे ताडकळसच्या बाजारात वाटलेली हस्तपत्रकं. पहिल्या खेपेला अकरा अर्ज आले. आप्पांना कोण कौतुक. पारावर सांगायचे, "आमी निजामाच्या काळात उर्दूत शिकलो, पोरं मराठीत शिकली, आता सूनबाई टपालानं विंग्रजी शिकवायलीय."

अर्जात नाव, गाव, वय, बस्स. जातीचा रकाना मी मुद्दाम ठेवला नव्हता. प्रत्येकाला नंबर दिला होता. टपालाच्या वर्गात कुणी पुढे, कुणी दाराबाहेर बसत नाही, हे मी अभिमानानं सांगायची. आप्पा हसून म्हणायचे, "टपालाला इटाळ नसतो." मीही हसायची.

चौथा पाठ शब्दयोगी अव्ययांचा. तिसरं वाक्य होतं, 'आय लिव्ह, गाळलेली जागा, द व्हिलेज.' उत्तर 'इन'. सात नंबरनं लिहिलं, 'आउटसाइड'. सात नंबर म्हणजे शेजारच्या गावची शोभा. इंग्रजीत दोनदा नापास, ऑक्टोबरला तिसऱ्यांदा बसणार होती. मी तिचा शब्द खोडला, वर 'इन' लिहिलं आणि एक गुण कापला. पुढच्या उत्तरांसोबत एक चिठ्ठी आली. "बाई, आमची घरं गावात न्हाईत, गावाबाहेर हायेत. इन लिहिलं तर खोटं होईल."

नोंदवहीत सात नंबरचं पान उघडलं. मग गुण परत दिला आणि खाली लिहिलं, 'व्हेरी गुड'.

त्याच वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. ठिकठिकाणी दलितांची घरं जाळली गेली. शोभाला पाठवलेला अकरावा पाठ तिला न पोचताच परत आला. त्यानंतर आठवड्याभरात, भर दुपारी, ती स्वतःच आमच्या अंगणात उभी. सतरा-अठरा वर्षांची, हातात काही नाही. तिला मी प्रथमच पाहत होते. वर ये म्हटलं, तर तिनं ओट्यावर बसलेल्या आप्पांकडे पाहिलं आणि पायरीखालीच थांबली.

"बाई, वस्ती जळाली. पाठ समदे गेले. परत मिळतील का?"

मिळतील म्हटलं. मग खाली बघत ती म्हणाली, "परीक्षा होईस्तोर तुमच्याकडं राहू का? गोठ्यात बी चालंल."

मी म्हटलं, थांब, विचारून येते. आप्पा माझ्यामागून आत आले. ते रागावले नव्हते, हे लिहायलाच हवं. "सूनबाई, टपालाला इटाळ न्हाई. ओट्याला हाय. अन् गावात हवा कशी हाय, बघायलीस न्हवं? उद्या लोकं आपल्या दारात आली तर?" भीती खरी होती. तुमचे आजोबा शाळेत शिकवायला गेले होते. पण त्यांची वाट पाहायची गरज नव्हती, मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. कपाटातून एक ते अकरा पाठ क्रमानं काढले, लिफाफ्यात घातले, भाकरी बांधली. एवढं सगळं नीटनेटकं करून बाहेर आले तेव्हा अंगण रिकामं होतं. ओट्यापासून घर ते किती लांब? तिनं सगळं ऐकलं होतं.

लिफाफा पाठवायचा तर पत्ताच उरला नव्हता. ऑक्टोबरात इंग्रजीच्या पेपरला मी पूर्णेच्या शाळेच्या फाटकाशी घंटा होईपर्यंत उभी राहिले. ती दिसली नाही. तेव्हा कळलं की वर्गातच नव्हे, माझ्या दारातही कुणी येऊ नये अशीच शाळा मी काढली होती. दिवाळीनंतर आम्ही गाव सोडलं. ते उरलेलं अर्धं कारण हे.

परभणीच्या दोन खोल्यांत मी आधी एक जादा खाट घेतली. पुढच्या वर्षांत कितीतरी मुली परीक्षेपुरत्या तिच्यावर झोपून गेल्या, कुणाला गाव विचारलं नाही. पण हे पुण्य म्हणून सांगत नाही. जिच्यासाठी घेतली ती आली नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, गल्लीतून ढोल वाजत गेले. मी खिडकीत उभी राहिले आणि मनात एकच, की ही बातमी शोभानं कुठल्या घरात बसून ऐकली असेल.

कोर्स मी नंतरही चालवला. चौथा पाठ तसाच ठेवला. फक्त उत्तरसूचीत तिसऱ्या वाक्यापुढं काही छापलं नाही. अनघा, तुझ्या कोर्सला हजारो लोक येतील, त्यांचे चेहरेसुद्धा दिसणार नाहीत. उत्तर चुकलं म्हणण्याआधी ते कुठून लिहितायत ते विचार. आणि त्यातलं कुणी दाराशी आलं तर काय करशील, ते आजच ठरवून ठेव.

आप्पा गेले, गावचं घर बंद आहे. ते म्हणायचे, घर गावातच आहे. मला घर म्हटलं की त्या ओट्याची खालची पायरी आठवते, आणि इथली ही खाट. तुम्ही आलात की तिच्यावरच झोपाल. उशाच्या फळीवर एक जुना लिफाफा आहे, पत्ता न लिहिलेला. साफसफाई करताना तो मात्र हलवू नका.