काकूंच्या हॉलमधला दिवा

मी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला लिहिता येतं असं घरच्यांना वाटतं. मला परीक्षेतली उत्तरं लिहिता येतात. स्वतःबद्दल लिहायचं तर आपल्यापाशी काहीतरी विशेष आहे असं धरून चालावं लागतं, आणि तसं धरताना मला संकोच होतो. इथे विशेष काहीच नाही. एक दिवा बदलला, एवढंच. पण तेव्हा माझ्या मनात दुसरंच काही चालू होतं, म्हणून तो दिवस लक्षात राहिला.

सदाशिव पेठेत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो, त्या काकू एकट्या असतात. त्या सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणतात. मलाही आणि दूधवाल्यालाही. त्या ‘तुम्ही’त आदर किती आणि अंतर किती, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण बारावी झाली. तिला गणित घेऊन बीएस्सी करायचं होतं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखाच नाही. बाबा फोनवर म्हणाले, “होस्टेलात नाई धाडत मी तिले. कोण्या बाईमाणसाच्या घरात राहत असंल तर पाहू. नाईतर इथंच बीए करंल.” बाबांच्या मागे फोनजवळच ती उभी असणार, हे मला माहीत होतं.

काकूंची आतली खोली रिकामी होती. मला फक्त विचारायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. जिना चढताना मी वाक्य जुळवायचो आणि दारात पोचल्यावर “काकू, कचरा खाली नेऊ का?” असं काहीतरी विचारून मोकळा व्हायचो. त्यांनी एकदा नाही म्हटलं असतं तर पुन्हा विचारायची सोय राहिली नसती. तोवर प्रवेशाची मुदत जवळ येत चालली होती.

अशात काकूंच्या हॉलमधला छताचा दिवा गेला. दुधी काचेचा जुना गोळा होता, आतला होल्डर जळाला होता. काकूंनी नवा चपटा एलईडी दिवा आणून ठेवला, पण तो बसवायला कुणी येईना.

“वायरमन उद्या येतो म्हणालाय,” काकू म्हणाल्या. “म्हणजे या आठवड्यात तरी येत नाही.”

“मी बसवू का?” मी म्हणालो. गावी बाबांच्या हाताखाली मी अशी कामं केली होती. आणि खरं सांगायचं तर, एकदा त्यांचं काम केलं की बोलायला तोंड उघडेल, असाही हिशेब मनात होता.

“तुम्हाला येतं?”

“येतं. गुरुवारी करतो. गुरुवारी लाईट जाणार आहेत ना.”

काकूंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

आमच्या गावात विजेचं काम लाईन गेल्यावरच करतात. भारनियमनाच्या वेळा लहान मुलांनाही पाठ असतात. लाईन गेली की बाबा पक्कड घेऊन उठतात. कधी मोटारीच्या स्टार्टरची वायर, कधी शेजाऱ्यांचा पंखा. मेन स्विच पाडायची पद्धत नाही. बटण चालू राहिलंय की बंद, तेही कुणी पाहत नाही. लाईन नाही म्हणजे नाही, आणि ती यायची तेव्हाच येते. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, तेव्हा मला ते अगदी घरच्यासारखं सोयीचं वाटलं.

गुरुवारी सकाळी लाईट गेले तसा मी स्टूल घेऊन चढलो. गोळा उतरवून काकूंच्या हातात दिला. होल्डर काढला. दोन वायरी खाली आल्या, दोन्हींवर रंगाचे इतके थर बसलेले की लाल कुठली आणि काळी कुठली ते कळेना. टेस्टर खिशात होता, पण वीजच नसताना तो काय सांगणार? मी जळकी टोकं कापली आणि तांबं दिसेपर्यंत वायरी सोलायला लागलो.

काकू हॉलमध्ये नव्हत्या. त्या पॅसेजमध्ये कुठेतरी होत्या, मला दिसत नव्हत्या. ते बरं वाटलं. तोंड छताकडे ठेवूनच मी म्हणालो, “काकू, एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

“माझी बहीण आहे. तिला इथे कॉलेजात घालायचंय. तुमची आतली खोली... म्हणजे तुम्हाला अडचण नसेल तर.”

त्यांनी उत्तर द्यायच्या आतच समोरच्या घरात मिक्सर घरघरला. खालच्या मजल्यावर टीव्ही बोलायला लागला. कुणीतरी ओरडलं, “आले रे लाईट!” वीज वेळेच्या कितीतरी आधी आली होती. माझ्या बोटांत उघडं तांबं होतं. भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. ते चालू होतं.

पण आमच्या हॉलचा पंखा हलला नाही.

“काकू?” मी हाक मारली.

“मेन स्विच पाडलाय मी,” पॅसेजमधून आवाज आला. “तुम्ही गोळा हातात दिलात, त्यानंतर लगेच. इथेच उभी आहे, कुणी वर करणार नाही. वीज कंपनीचा भरवसा तुम्ही धरा, मी धरत नाही.”

मी खाली उतरून स्टुलावरच बसलो. काकूंनी आधी पाणी दिलं आणि मग ऐकवलं, “तुम्हाला काही झालं असतं तर तुमच्या घरी मी काय सांगितलं असतं? गुरुवार होता म्हणून?”

मग मी पुन्हा चढलो. वायरी नव्या दिव्याच्या कनेक्टरमध्ये बसवल्या, स्क्रू आवळले, दिवा वर दाबून बसवला. काकूंनी मेन वर केला. हॉलभर पांढरा उजेड पडला.

“दवाखान्यासारखं दिसतंय,” काकू म्हणाल्या. “असो. पेपर तरी वाचता येईल. आणि तुमच्या बहिणीचं, वडिलांना मला फोन करायला सांगा. मुलगी त्यांची आहे, त्यांच्याशीच बोलेन.”

हे हो होतं की नाही, मला कळलं नाही. घरी सांगितलं तर बाबाच अडले. “पुण्याच्या बाईसंग मी काय बोलू बाप्पा? तूच सांग काय ते.” मी रोज आठवण करून द्यायचो, ते रोज “उद्या करतो” म्हणायचे. बहीण विचारायची, “काकू रागीट आहेत का रे?” मी नाही म्हणायचो. संकोच मला कुठून आला, हे त्या दिवसांत मला समजलं. बाबांवर रागावताही येईना.

मुदत संपायच्या आधल्या दिवशी प्रॅक्टिकल आटोपून मी परत आलो. काकू गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“तुमच्या वडिलांचा फोन आला होता,” मान वर न करता त्या म्हणाल्या.

“काय म्हणाले?”

“बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग विचारलं, घरात आणखी कोण असतं. म्हटलं, मी असते. तेवढं पुरतं.”

“मग?”

“मग काय? रात्रीच्या गाडीने निघतेय ती, वडील बरोबर आहेत. उद्या सकाळी पोचतील, थेट कॉलेजात जायचंय. तुम्हाला कुणी कळवलं नाही?”