पुऱ्या मात्र सुलभाच्या!

चार बायका आणि चार डबे एका सतरंजीवर आले की किस्सा घडतोच, त्याला मुहूर्त लागत नाही. आमच्या मंडळाचे तर इतके साठलेत की जुनी मैत्रीण भेटली की कुठून सुरू करू असं होतं मला. ऐकणारे हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? सांगता सांगता माझं डोकं आजही तापतं!

मंडळ म्हणजे उज्जैनच्या माधवनगर-फ्रीगंजमधल्या बायकांचं. कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा रेल्वेत, आणि मी शाळेत मास्तरीण. तेव्हा केबल नुकती आलेली, घरोघरी फोन लागायला लागलेले, सगळ्यांनाच काहीतरी नवीन करायची खुमखुमी. मग ठरलं, महिन्यातून एकदा सहल. कधी उंडासा तलाव, कधी कालियादेह. नियम एकच, आमच्या अध्यक्ष नलूताईंनी केलेला: "प्रत्येकीने एक सोपा पदार्थ आणायचा. आणि जिची जी डिश फेमस, तिने तीच आणायची."

ऐकायला किती छान! या एका नियमाने माझी पार वाट लावली.

*

पहिल्याच सहलीला मी हौसेने पुऱ्या केल्या. टम्म फुगलेल्या, दुपारपर्यंत मऊ राहिलेल्या. नलूताईंनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "पुऱ्या म्हणजे सुलभाच्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला हो, मला काय माहीत जन्मठेप झालीये ती!

पुढच्या वेळी मी म्हटलं, "मी दहीवडे आणते."

"छे छे! मग पुऱ्या कोण करणार?" नलूताई म्हणाल्या. "आणि पुऱ्यांत काय आहे गं? पीठ मळायचं नि तळायचं!"

घरी येऊन हे सांगितलं, तर आमचे हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "बरोबर आहे. एव्हरेस्टमध्ये तरी काय आहे? चढायचं नि उतरायचं."

त्यानंतर कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की गार पुऱ्या कशाला, तिथेच गरम तळू या! 'तळू या' म्हणजे कोण? मी! स्टो माझा, कढई माझी, तेलाचा डबा माझा. सगळ्याजणी सतरंजीवर बसून अंताक्षरी खेळताहेत, आणि मी झाडाआड, वाऱ्याने स्टो विझू नये म्हणून पदराचा आडोसा करून उभी. "सुलभा, दोन इकडे!" "सुलभा, गरम हं!" शेवटची पुरी तळून मी पान घेऊन यावं, तर भाज्यांची पातेली खडखडीत आणि या म्हणताहेत, "चला, चहा टाकू या!"

माझा आवाज बरा आहे हो. शाळेत प्रार्थना मी सांगते. पण मंडळात कुणी माझ्या गाण्याची एक ओळ ऐकली असेल तर शपथ! मला बाकी काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांबरोबर मांडी घालून बसायचं होतं, गायचं होतं आणि गरम-गरम जेवायचं होतं. एवढं मागणं म्हणजे काय गुन्हा आहे?

*

आता नलूताईंची स्वतःची फेमस डिश ऐका. काकडीची कोशिंबीर!

काकड्या त्या आणायच्या, सबंध. सतरंजीवर बसल्या की एकीच्या हातात सुरी द्यायच्या, "जरा चोचवतेस का?" दुसरीला सांगायच्या, "तू दाण्याचं कूट आणलंयस नं?" दही तिसरीकडून. फोडणी? ती अर्थातच माझ्याकडे, कारण स्टो पेटलेला असायचा! सगळं झालं की नलूताई पुढे यायच्या, चिमूटभर मीठ घालायच्या, एकदा डावाने ढवळायच्या आणि विचारायच्या, "कशी झालीये माझी कोशिंबीर?"

एकदा मी न राहवून म्हटलं, "मीठ छान पडलंय."

"हातच तसा आहे माझा," त्या म्हणाल्या.

*

मग आली मीनल. नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून पुण्याहून इकडे आलेली. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला समजावलं की तुम्ही जे करता त्याला पॉटलक म्हणतात. आम्ही इतके दिवस आपलं डबे घेऊन जात होतो!

"ताई, तुम्ही लोक किती हेवी करता सगळं," ती म्हणाली. "मी काहीतरी इझी आणेन."

आणले तिने पाकिटातले नूडल्स. सकाळी सात वाजता केलेले आणि डब्यात दाबून भरलेले. उंडासाला पोचून तिने डबा उपडा केला, तर सगळे नूडल्स एकदम बाहेर! अख्खे! डब्याच्या आकारात! वर डब्याच्या बुडावरचं कंपनीचं नावसुद्धा उमटलेलं.

मीनल जराही डगमगली नाही. तिने सुरी मागितली आणि वड्या पाडल्या.

आता त्या वड्या गिळायच्या कशा? नलूताईंनी पिशवीतून सेव काढली. उज्जैनमध्ये कशावरही सेव घातली की माणसं खातात. तरी घास घशाखाली उतरेना. मग एकीने वडी माझ्या गरम पुरीत गुंडाळली, वर लिंबू पिळलं, आणि झालं! पुऱ्या, पुऱ्या, पुऱ्या, नुसता धोशा! मी तळता तळता घामाघूम.

"मीनल, काय डिश आहे गं! रेसिपी देऊन ठेव."

"अहो, एकदम इझी आहे," मीनल म्हणाली. "फक्त खाली गरम पुरी हवी. ती सुलभाताई करतात."

त्या दिवशी सगळ्या गावभर मीनलच्या नूडल्सची तारीफ झाली. माझ्या पुरीचं नाव कुणी घेतलं असेल तर मला सांगा!

*

आमच्या शेजारच्या मधुभाभी मंडळातल्या एकट्या अस्सल माळवी. माळव्यात सहलीला गोठ म्हणतात, आणि गोठ म्हणजे दाल-बाफले. कणकेचे गोळे उकडायचे, गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. कालियादेहच्या गोठीचा जिम्मा भाभींनी घेतला तेव्हा मला वाटलं, देव पावला! बाफले म्हणजे कणीकच की. पुऱ्यांचं कामच काय?

"बाफले जड पडतात गं," नलूताई म्हणाल्या. "थोड्या पुऱ्या असू देत. हलक्या."

तळलेल्या पुऱ्या हलक्या! स्टो उचलला नि निघाले.

भाभी बाफले उलटायला आगीकडे गेल्या आणि इकडे नलूताईंनी त्यांच्या डाळीची चव घेतली. "काहीतरी कमी आहे," असं म्हणून त्यात गुळाचा खडा, चार आमसुलं आणि गोडा मसाला घातला. मी स्टोपाशी उभी राहून ओरडतेय, "नलूताई, नको!" पण वाऱ्यात ऐकतंय कोण.

भाभी परत आल्या. डाळ चाखली. चमचा खाली ठेवला.

"नलू बेन, मेरी दाल कहाँ गई?"

"ही काय! यही तो है," नलूताई म्हणाल्या. "जरा सुधारली."

"सुधरी नहीं है," भाभी म्हणाल्या, "इसकी तो पूना में शादी हो गई!"

रागाने त्या उठल्या आणि माझ्यापाशी येऊन बसल्या. "सुलभा, तुम तो पूरी दे दो. मैं अचार से खा लूँगी. ये मीठी दाल मेरे गले नहीं उतरेगी." त्यांचं बघून आणखी दोघी आल्या. पुन्हा पुऱ्यांवर गर्दी.

तिकडून नलूताईंचा विजयी आवाज आला, "बघ! तरी मी म्हणत होते, पुऱ्या हव्यात म्हणून!"

*

एका सहलीच्या आदल्या दिवशी मला सणकून ताप भरला. आमच्याकडे नवा फोन लागला होता. मी नलूताईंना कळवलं की मी येऊ शकत नाही.

"अरे अरे!" त्या कळवळून म्हणाल्या. "बिलकुल उठायचं नाही हं. काढा घे, पांघरूण घे, आराम कर."

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, उगाच आपण या बाईला नावं ठेवतो.

"बरं, मग सकाळी पुऱ्या घ्यायला कुणाला पाठवू?"

आणि मी मूर्ख! उठले, शाल गुंडाळली आणि तळल्या. सकाळी आमचे हे स्कूटरवरून टॉवर चौकात बसपाशी डबा द्यायला गेले, तर बायकांनी यांनाच आग्रह करून बसमध्ये घेतलं. संध्याकाळी परत आले ते पोटावरून हात फिरवत.

"सगळ्यांनी तुझी फार आठवण काढली गं," हे म्हणाले.

मला अगदी भरून आलं. "काय म्हणाल्या?"

"पुऱ्या कमी पडल्या म्हणाल्या."

त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. खोटं कशाला सांगू? तापाने नाही, संतापाने.

*

पुढची सहल नलूताईंच्या भाच्याच्या मळ्यात ठरली, देवास रोडला. ठरवायला सगळ्या जमल्या तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "या वेळी मी पुऱ्या आणणार नाही. मी केळी आणीन."

सगळ्या हसल्या.

"मी खरंच सांगून राहिलेय."

आणखी जोरात हसल्या. "काय मजाक करते ही!" नलूताई डोळे पुसत म्हणाल्या. "आण हो, आण केळी!"

निघताना पुन्हा एकदा सांगितलं. पुन्हा हसल्या. घरी आमचे हे म्हणाले, "एकदा विचार कर. त्यांची सगळी भिस्त तुझ्यावर आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं.

मळ्यात उतरले तेव्हा हातात फक्त एक पिशवी. स्टो नाही, कढई नाही, हात कसे मोकळे मोकळे! सतरंजीच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसले. अंताक्षरी सुरू झाली. 'म' आला आणि कुणाला काही सुचायच्या आत मी गायला लागले. अख्खं कडवं गायले!

"अय्या, सुलभाताई, तुम्ही गाता?" मीनल म्हणाली.

मी पुढचंही कडवं गायले.

मग नलूताई म्हणाल्या, "चला, पत्तली मांडा. सुलभा, स्टो कुठे लावलास?"

डब्यांची झाकणं निघाली. श्रीखंड. बटाट्याची सुकी भाजी. मधुभाभींचे छोले. मीनलने टीव्हीवर बघून केलेलं पनीर. नलूताईंच्या काकड्या. भात कुणाकडे नाही, पोळी कुणाकडे नाही, ब्रेडचा तुकडा नाही. मी शांतपणे पिशवीतून केळ्यांच्या फण्या काढून मधे ठेवल्या.

"गंमत पुरे आता," नलूताई म्हणाल्या. "पुऱ्या काढ."

"नाहीत."

मधुभाभींनी माझी पिशवी उघडून आत हात घालून पाहिला. मीनल हळूच म्हणाली, "म्हणजे श्रीखंड... नुसतं खायचं?"

नलूताईंचा चेहरा लालबुंद झाला. "सुलभा, ही काय पद्धत झाली? एवढ्या लांब येऊन सगळ्यांना उपाशी ठेवायचं?"

मी केळ्यांची एक फणी त्यांच्यापुढे सरकवली. "नलूताई, सोपा पदार्थ आणायचा, हा तुमचाच नियम. याहून सोपा मला नाही सुचला."

एक बाई पत्तल हातात घेऊन तशीच उभी.

तो भाचा म्हणजे नलूताईंच्या नणंदेचा मुलगा; त्या दिवशी नातवाचा मळा म्हणून नलूताईंच्या सासूबाई, माई, पहिल्यांदाच आमच्याबरोबर आल्या होत्या. आंब्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं असं नलूताई सगळ्यांना सांगत असत, त्यामुळे सकाळपासून त्यांच्याशी कुणी दोन शब्दही बोललं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला.

"दे गं ते केळं इकडे."

मी दिलं. त्यांनी सावकाश सोललं, श्रीखंडात बुडवलं आणि खाल्लं. आम्ही सगळ्या बघतोय.

"माई, थांबा हो जरा," नलूताई घाईघाईने म्हणाल्या, "गावात कुणाला तरी धाडते, कणीक मागवते, सुलभा पटकन तळेल..."

माईंनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरं केळं उचललं, मला हाताला धरून आपल्या पायाशी बसवलं आणि म्हणाल्या, "जन्म गेला गं माझा तळण्यात. मला का नाही सुचली केळी?"