रंगुमावशींचा डाएट चिवडा आणि मी नेलेला मोर्चा

रंगुमावशींनी चिवडा करायची रीत बदलली ती नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून, आणि जुनी चव परत आणायला त्यांच्या गाडीवर मोर्चा नेला तो मी. आधीच सांगून टाकते. लपवण्यात अर्थ नाही, आता संगमनेरात निम्म्या लोकांना हे ठाऊक आहे आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सांगितलं आहे.

रंगुमावशी मूळच्या पाथर्डीकडच्या. लग्नानंतर काही वर्षं नवरा-बायको ऊसतोडीला इकडे यायचे. एका हंगामात कानिफनाथकाका इथेच एका गवंड्याच्या हाताखाली लागले आणि दोघं परत गेलेच नाहीत. मावशींनी कॉलेजच्या फाटकाजवळ हातगाडी लावली. गाडीवर काचेची एक बरणी आणि जिन्नस एकच, पातळ पोह्यांचा चिवडा. अंगाने मावशी काडीसारख्या, पण आवाज उसाच्या फडातला. त्यांनी गिऱ्हाइकाला हाक मारली की रस्त्यापलीकडची चार माणसं उगाचच मागे वळून बघायची.

त्या चिवड्याला 'डाएट' हे नाव मी दिलं. साल शहाण्णव. आमच्या नाट्यमंडळाने स्पर्धेसाठी दुष्काळावरचं नाटक घेतलं होतं आणि तीन दिवस उपाशी असलेल्या बाईचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. पहिल्याच तालमीला दिग्दर्शक सुहासदादा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"मनवा, तू किती दिवसांची उपाशी आहेस?"

"तीन, दादा."

"मग गावातलं धान्य कोणी संपवलं, असं प्रेक्षक विचारतील."

त्या दिवशी मी वडापाव सोडला आणि चिवडा धरला. चिवड्यात तेल नाही याचा माझ्याकडे पुरावा होता. आमच्याकडे तेल कागदावर बघतात. भज्यांखालचा वर्तमानपत्राचा तुकडा उजेडाला धरायचा. त्यातून पलीकडचं झाड दिसलं की भजी वाईट. मावशींच्या पुडीला कधी ठिपका पडलेला मी पाहिला नाही. ती पुडी काका कामावरून आणत त्या सिमेंटच्या गोणीच्या आतल्या कोऱ्या थराची असायची, जाड आणि तपकिरी. ज्या कागदातून सिमेंट सांडत नाही त्यातून तेल काय सांडणार, हे मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीच्या डोक्यात आलं नाही.

नेपथ्याचा रंग उरला होता. मी पाटी रंगवली: 'रंगुबाईंचा डाएट चिवडा'.

"डाएट म्हंजी काय गं, ताई?" मावशींनी विचारलं.

"जे खाऊन माणूस बारीक होतो ते."

"खाऊन?" मावशींनी पदर तोंडाला लावला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. "आमच्याकडं न खाऊन व्हत्यात."

पाटीने काम केलं. सकाळी प्रवरेपर्यंत फिरायला जाणारी मंडळी येताना गाडीवर थांबू लागली. त्यांत सेवानिवृत्त हेडक्लार्क माधवराव पहिले. डॉक्टरांनी त्यांना तेल-तूप कमी करायला सांगितलं होतं, म्हणून ते रोज दोन पुड्या खायचे. मीही दोन खायची. माझं वजन तसूभर हललं नाही, आणि मी खापर तालमीतल्या चहावर फोडलं.

पुढच्या वैशाखात एका इमारतीच्या कामावर काकांच्या छातीत कळ आली. आठ दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी मावशींना बाहेर बोलावून सांगितलं की तळलेलं, तेलकट कायमचं बंद. पुन्हा असं झालं तर इथवर पोचायला वेळ मिळायचा नाही. मावशी कोणाला काही बोलल्या नाहीत. "पाव्हन्याकडं गेल्तो," एवढंच. आजारी गवंड्याला कामावर कोण ठेवणार?

पण काकांचा एक जुना नेम होता. कामावरून आले की हातपाय न धुता हात थेट चिवड्याच्या डब्यात. मावशींनी डबा गोधडीखाली ठेवला, माळ्यावर ठेवला, शेजारणीकडे ठेवला. "गवंडी मानूस," त्या मला नंतर म्हणाल्या, "भिंतीत चिनला असता तरी हुडकला असता." शेवटी त्यांनी ठरवलं की घरात तळणीचा घाणाच काढायचा नाही. फोडणी बंद. शेंगदाणे वाळूत भाजायचे, कढीपत्ता उन्हात कडक करायचा, तिखट-मीठ कोरडंच मिसळायचं.

यातलं काहीही मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की एका सोमवारी चिवडा मेला. पोहे फिके, वाऱ्याने हातावरून उडणारे, आणि तिखट सगळं पुडीच्या तळाशी. पहिले दहा घास उपास, अकरावा शिक्षा.

"मावशी, आज काहीतरी राहिलंय."

"काय न्हाई राहिलं."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गाडीभोवती कुजबुज सुरू झाली. माधवरावांनी दोन बोटांत एक पोहा धरून सूर्याकडे बघितलं. "मला शंका आहे," ते म्हणाले, "ही बाई हलक्या प्रतीचं तेल घालायला लागली आहे."

सगळ्यांना ते पटलं. मला तर फारच.

त्याच दिवशी चहाच्या टपरीवर काकांनी मला गाठलं. "ताई, तुमी शिकल्याली मान्सं. माझं ती ऐकत न्हाई. पब्लिकचं ऐकंल. जरा मनावर घ्या."

मी मनावर घेतलं. स्वतःच्या बायकोविरुद्ध न्यायाची बाजू घेणारा नवरा मी नाटकातही पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी मी निवेदन लिहिलं. 'संगमनेरच्या रसनेवर झालेला आघात' असे शब्द त्यात होते. सह्या गोळा केल्या. पहिली सही काकांनी केली, ठळक.

सकाळी आठला आम्ही पंधरा-वीस जण गाडीपुढे उभे राहिलो. मी पोटातून आवाज काढून निवेदन वाचलं, शेवटच्या वाक्याआधी विराम घेतला, हातही केला. मावशी पुड्या बांधत होत्या.

"झालं?"

"झालं."

"पयली सई कुनाची हाय?"

"कानिफनाथकाकांची," मी अभिमानाने म्हटलं.

काका माधवरावांच्या मागे उभे होते. त्यांनी नाशिककडे जाणारी एस.टी. अशी निरखून बघितली की जणू ती त्यांनीच बांधली होती.

मावशींनी पुडी खाली ठेवली. "तुमी म्हंताय त्या चवीच्या चिवड्यात तेल हुतं. फोडनीला बी, आन् शेंगदानं तर तळल्यालंच."

"तो बिनतेलाचा होता ना?" माधवरावांचा आवाज बारीक झाला.

"आसं मी कवा म्हनले?"

"पाटीवर लिहिलंय की."

"पाटी हिनं लिवली."

पंधरा-वीस माना माझ्याकडे वळल्या. रंगमंचावर एवढं लक्ष मला कधी मिळालं नव्हतं.

"कागदाला डाग नसायचा," मी म्हटलं.

"सिमिटाच्या गोनीचा कागद हाय त्यो, बाई."

कोणी हसलं नाही. माधवराव हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी मोजू लागले, बहुधा मागच्या वर्षभराच्या पुड्या.

मग मावशींनी आवाज खाली आणला. तो खाली येतो हेच मला तेव्हा कळलं. "ह्यांच्या छातीत कळ आल्ती. परत आली तर वाचायचं न्हाईत, डाक्टर म्हनले. घरात डबा हाय तवर ह्यो मानूस हात घालनारच. म्हनून समद्यांचंच तेल बंद केलं. आता तुमीच सांगा, तुमाला चव पायजे का मला मालक पायजे?" आणि थांबून म्हणाल्या, "ही गोष्ट ह्यांच्या कामावरच्या मुकादमापतोर जाऊ देऊ नगा."

माधवरावांनी माझ्या हातातून निवेदन घेतलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. "अर्ज दाखल झालेला नाही," ते म्हणाले. हेडक्लार्क होते ते, काम पक्कं केलं. त्या सकाळचं काहीही मुकादमाच्या कानावर गेलं नाही.

मावशींचं म्हणणं सगळ्यांना पटलं आणि चिवडा कोणी घेईना. लोक जाता-येता काकांच्या तब्येतीची चौकशी करत आणि पुढच्या गाडीवर भजी खात. बरणी दुपारपर्यंत भरलेली राहू लागली. ज्या गाडीवर मी मोर्चा नेला ती आता माझ्यामुळेच बंद पडणार, हे आईला सांगताना मी रडले. खरी रडले; सुहासदादा तिथे असता तर त्याला तो प्रवेश आवडला असता.

आईने ऐकून घेतलं आणि मावशींना घरी बोलावलं.

"तळणीचा घाणा आमच्या चुलीवर काढा," ती म्हणाली. "डबा इथेच राहील. तुमच्या घरी फक्त कोरडा न्या. गाडीवर दोन बरण्या ठेवा."

मावशींनी माझ्याकडे नखशिखांत बघितलं. "डबा हितं? ही पोरगी खाईल की."

"खाऊ दे. तिच्या छातीला काही झालेलं नाही."

तसं ठरलं. मी नवी पाटी रंगवली, या वेळी खरी: एक बरणी 'तेलाचा', एक 'कोरडा'. गाडीवर मावशी स्वतः बसलेल्या, तिथे काकांची हात घालायची टाप नव्हती. स्पर्धेत आमचं नाटक आधीच पडलं होतं, ती वेगळी गोष्ट.

पण काका हुडकणारे. पंधरा दिवसांत त्यांना पत्ता लागला. एका दुपारी आई शाळेत शिकवायला गेलेली असताना दार वाजलं.

"ताई, वाटीभर."

मी नकाराची मान हलवली.

"चिमूटभर. तोंडाला चवच न्हाई राहिली."

मी पुन्हा मान हलवली.

"निवेदनाच्या टायमाला तुमी माझ्याकडनं हुता," काका म्हणाले. मग जवळून बघत, "तुमी बोलत का न्हाई?"

माझं तोंड भरलेलं होतं. गिळायला वेळ लागला. त्या गृहस्थापुढे उभी राहून तळलेले शेंगदाणे चावण्याइतकं वाईट काम मला अजून कुठल्याच दिग्दर्शकाने दिलेलं नाही.

"काका, नाही देणार," मी म्हटलं. "मावशी एकट्या पडतील."

ते पायरीवर बसले. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं, आत ठेवून आले आणि त्यांना कोरडा चिवडा ताटलीत दिला. बाजूला बसून मीही तोच खाल्ला. त्यांनी ताटली संपवली, हात झटकला.

"तिला सांगा, मी आल्तो, पन मागितला न्हाई."

संध्याकाळी मावशी घाणा काढायला आल्या तेव्हा मी तसंच सांगितलं. माझा अभिनय बरा झाला असावा असं मला वाटलं. मावशी कढईत शेंगदाणे सोडत होत्या, त्यांनी वर बघितलंही नाही.

"मागितला आसंल. तू दिला न्हाईस ना?"

"नाही."

"मंग झालं," म्हणत त्यांनी झारा हातात घेतला.