दाराजवळची जागा

भाच्याला काल कामावरून कमी केलं. 'मीच का?' या प्रश्नाला 'पुनर्रचना' असं भारदस्त उत्तर मिळालं. आज त्याचं सामान आणायला मी सोबत गेलो. तिथलं चकचकीत कँटीन पाहून आमच्या कारखान्यातलं आठवलं.

आम्ही बाकावर नोकरीला लागल्याच्या क्रमाने बसायचो. सर्वांत नवा दाराशी, वाऱ्यापावसात. कपात आली तेव्हा साहेब गुणवत्तेवर बोलू लागले. युनियनचे सावंत म्हणाले, "साहेब, शेवटी आला तो आधी जातो. बाक बघा."

दाराशी बसलेला शंकर डबा बांधत म्हणाला, "सावंतकाका, माझी जागा राखा हं."

पुन्हा भरती निघाली तेव्हा पहिलं बोलावणं शंकरला गेलं. तोवर दाराशी त्याच्या जागेवर कुणी बसलं नाही.

"तू कुठे बसायचास रे?" मी भाच्याला विचारलं.

"जागा रिकामी दिसेल तिथे, मामा."