पंचगंगेच्या वाटेवर माझा व्यायामवर्ग

आता हे तुम्हाला सांगू की नको? सांगतो, पण आधी तो कप खाली ठेवा. अंगावर सांडाल!

डॉक्टरांनी दम दिला म्हणून मी राजारामपुरीत वजन कमी करायच्या वर्गाला जायला लागलो. तिथल्या मॅडम सवयी सुधारायच्या. "आठवडाभर खुर्चीला चिकटता आणि रविवारी एकदम पळत सुटता! रोज चाला!" सगळे भक्तिभावानं माना हलवायचे. आणि सुटल्यावर? एकजात मिसळीच्या गाडीवर! चालायचं म्हटलं की ह्यांचे गुडघे दुखणार, तर्री मागताना मात्र टुणकन उठणार. मला ह्या जमातीची मनापासून चीड.

हो, मीही खायचो मिसळ. पण मी ती नाराजीनं खायचो!

तर एका रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून गंगावेशीत जमायचं आणि पंचगंगा घाटापर्यंत झपाझप चालायचं, असा मॅडमचा हुकूम निघाला. मला उशीर झाला. पोचतो तर पांढऱ्या कपड्यांतला घोळका घाटाकडे निघालेला. चेहरे अनोळखी, म्हटलं, संध्याकाळच्या बॅचचे असतील. पण काय ते चालणं! पाय ओढत, माना खाली घालून!

मी मधे घुसलोच. "अहो, हात हलवा की! चाललाय का रांगताय?"

सगळ्यांनी माना आणखीच खाली घातल्या. लाजले असणार! मला आणखी चेव आला. "तोंडं कशाला पाडलीत? हसा की जरा!"

शेजारच्या मिशीवाल्याच्या पिशवीतून खमंग वास आला.

"काय आहे हो त्यात?"

"भजी हाईत. आन् जिलेबी."

"भजी? चालायला निघालाय आणि भजी? कुणासाठी?"

"आण्णांसाठी. लई जीव त्यांचा भज्यांवर."

"मग सांगा तुमच्या आण्णांना, असलं खाऊनच माणूस मरतं!"

तो थांबला. अख्खा घोळका थांबला.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच गेलं आण्णा. परवा. रक्षाविसर्जनाला चाललोय आमी."

धरणी दुभंगते म्हणतात, ती नेमकी पाहिजे तेव्हा दुभंगत नाही बघा! मी हळूच मागं सरकलो, तर एका म्हाताऱ्यानं दंड धरला. "अर्ध्यातनं परत जायचं न्हाय, पावणं. आलाय तर चला."

गेलो. नदीकाठी नैवेद्य मांडला. कावळे झाडावर बसलेले, एक खाली उतरेल तर शपथ! हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हातारा गुरकावला, "तुमीच कायबाय बोललाय. मागा माफी!"

हात जोडले. "आण्णा, चुकलो. पोटभर खावा. भजी तब्येतीला लई चांगली!"

झडप घातली हो कावळ्यानं!

निघताना तो मिशीवाला, आण्णांचा थोरला मुलगा, माझ्याकडं आला. म्हटलं, आता बसणार कानफटात. पण त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"पावणं, आण्णांचे नवेकोरे सदरे घरात पडून हाईत. आमी सगळी किडकिडीत, कुणालाच हुईनात. तुमाला बघितलं आन् वाटलं, देवानंच माणूस धाडला!"

नाही कसं म्हणणार? त्यांच्या घरी जाऊन सदरे घेतले आणि माझ्या घरी येऊन आरशासमोर एक चढवला.

पोटावर घट्ट झाला!