समुद्राकडे तोंड केलेला अँटेना

बंदरावर ताईंना सगळे 'उलटी खोपडी' म्हणत, तेही तोंडावर. कारणच तसं होतं. दिशा दाखवणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल लोक आकाशातून सरळ पकडतात. पाण्यावर आपटून येणारा सिग्नल म्हणजे त्यांच्या लेखी कचरा. मोजणीखात्यात ताईंनी उमेदीची वर्षं हाच कचरा गाळण्यात घालवली. मग एक दिवस डोक्यात उजेड पडला: पाणी शांत असलं की हा सिग्नल स्वच्छ परततो, खवळलं की विस्कटतो. म्हणजे लाटांची उंची किनाऱ्यावर बसून कळेल! त्यासाठी समुद्रात तरंगत लाटा मोजणारी आणि वादळात दोर तोडून पळणारी बोय हवीच कशाला?

बंदरप्रमुखांनी मनोऱ्यावर ताईंच्या अँटेनाला जागा दिली, पण अट घालून. ताईंचा आकडा आज लाँचच्या कप्तानानं समुद्रातून कळवलेल्या लाटेच्या उंचीशी जुळला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. कप्तान ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. "ताई, वशिला चालणार नाही हं," असं बजावूनच तो समुद्रात गेला होता.

"बाहेर लाटा उसळतायत आणि तुमच्या पडद्यावर काहीच कसं नाही?" बंदरप्रमुखांनी विचारलं. ताई घाईघाईनं जोडण्या तपासू लागल्या.

तेवढ्यात फिटर शाबासकीच्या आशेनं दारात उभा राहिला. "बाई, अँटेना कलला होता. सकाळीच सरळ आकाशाकडे करून घट्ट आवळलाय."

"अहो, तो मी मुद्दाम समुद्राकडे कलवला होता!"

"अँटेना कधी खाली बघतो का?"

बिचाऱ्याचं काय चुकलं? जन्मभर त्यानं तेच केलं होतं. पण हा मोठेपणा ताईंना नंतर सुचला. तेव्हा त्या त्याचा पाना हिसकावून, कुरकुरत्या गुडघ्यांनी जिना चढत होत्या. फिटर मागोमाग धावला. त्यानं खांब धरला, ताईंनी नट सैल करून अँटेना पुन्हा पाण्याकडे वळवला.

खाली येऊन पुरेसे सिग्नल जमेपर्यंत त्यांनी कुणालाच बोलू दिलं नाही. "सव्वादोन मीटर," शेवटी त्या म्हणाल्या. बंदरप्रमुखांनी वायरलेसवर कप्तानाला विचारलं.

"सव्वादोन! परत फिरतोय!" भावाचा आवाज आला.

लाँच धक्क्याला लागली तेव्हा पडद्यावर पावणेतीन होते. आता खात्री करून घ्यायला समुद्रात कुणीच नव्हतं. बंदरप्रमुखांनी ताईंकडे पाहिलं आणि लाऊडस्पीकरचा माईक उचलला. "लाट पावणेतीन मीटर. एकही होडी सुटणार नाही."

धक्क्यावरच्या नावाड्यांनी सोडलेले दोर पुन्हा बांधले. 'कोण म्हणतं?' असं एकानंही विचारलं नाही. ताईंना आनंदानं रडू कोसळलं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही.